अबोली दरवर्षी त्याच वाफ्यात मरते? आधी मूळ उपटून पाहा

गणपती जातात, पितृपंधरवडा सुरू होतो आणि कालपर्यंत टवटवीत असलेली अबोली एके सकाळी मान टाकून उभी दिसते. माती ओली असते, तरी आपण घाबरून तांब्याभर पाणी घालतोच. आठवड्याभरात पानांच्या कडांवर गुलाबीसर तपकिरी रंग चढतो, तो मधल्या शिरेपर्यंत सरकतो, आणि दिवाळीला जागेवर नुसत्या काटक्या राहतात. जूनमध्ये नवं रोप येतं, त्याच आळ्यात लागतं, आणि पुढच्या भाद्रपदात तेही जातं.

पुण्यात आमच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत दहा फुटांचा वाफा आहे. तिथे हे सलग तीन वर्षं झालं. कुडाळजवळच्या आमच्या घरी आई सकाळी अबोली काढून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात वळेसर करायची, एक देवाला आणि एक आम्हा बहिणींच्या वेण्यांना. त्यामुळे हे झाड मरू देणं मला जमणारच नव्हतं. "आमच्याकडे अबोली जगत नाही" असं ओळखीतल्या इतक्या जणांनी सांगितलंय, आणि बहुतेकांची चूक तीच, जी माझी होती. म्हणून सविस्तर लिहितेय.

नक्की काय झालंय ते आधी ओळखा

अबोली मान टाकते किंवा पिवळी पडते याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. सगळ्यात सोपी परीक्षा सकाळी सातची. एप्रिल-मेच्या दुपारी अबोली मलूल दिसली आणि संध्याकाळी आपोआप उठून बसली, तर ते नुसतं ऊन आहे. बुंध्याशी पालापाचोळा पसरा आणि सोडून द्या. पण सकाळी सात वाजता, रात्रीचा गारवा मिळूनही झाड उठलेलं नसेल, आणि बोट खुपसून पाहिलं तर माती ओली असेल, तर दुखणं मुळात आहे. अशा वेळी पाणी घालणं तिथल्या तिथे थांबवा.

पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तेही शेंड्याकडच्या नव्या पानांवर, आणि झाड ताठ उभं असेल, तर ती लोहाची कमतरता. पुण्या-नगरकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. भिंतीलगतच्या वाफ्यात तर गिलाव्याचा चुना-सिमेंट मातीत पडलेलं असतं, त्यामुळे जास्तच. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत वाढलेल्या अबोलीला हे जड जातं. लिटरभर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. नव्या पानांचा रंग सुधारला की निदान बरोबर होतं असं समजा. ज्यांना शक्य आहे त्यांनी बोअरऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं, हिराकशीपेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

डिसेंबर-जानेवारीत पानं तांबूस होऊन वाढ थांबली तर घाबरू नका. अबोली दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडची, तिला ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि पुण्याची जानेवारीतली थंडी सोसत नाही. पाणी कमी करा, खत देऊ नका, फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे छाटा. बऱ्याच लोकांनी याच काळात जिवंत झाडं उपटून टाकलेली मी पाहिली आहेत. नखाने फांदीची साल जरा खरवडा. आतून हिरवी असेल तर झाड जिवंत आहे.

पिठ्या ढेकूण, लाल कोळी यांचं फार लिहीत नाही. ते डोळ्यांना दिसतात, पाण्याचा फवारा आणि निंबोळी तेल यांनी आटोक्यात येतात, आणि त्यांच्यामुळे अख्खं झाड आठ दिवसांत कोसळत नाही.

आणि ओळीतलं एक झाड गेलं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, असं होत असेल, दरवर्षी पावसाच्या शेवटी होत असेल, आणि त्याच जागी होत असेल, तर तो मर रोग. माझ्याकडे तोच होता.

मूळ काय सांगतं

मेलेलं झाड आपण कापून टाकतो, तिथेच पुरावा हातचा जातो. तसं करू नका. पूर्ण वाळायच्या आत झाड खुरप्याने सैल करून मुळांसकट काढा. निरोगी अबोली सहज येत नाही, तिची तंतुमुळं माती घट्ट धरून ठेवतात. माझं तिसऱ्या वर्षीचं झाड मात्र दोन बोटांनी वर आलं, पाण्यात ठेवलेली काडी उचलावी तसं.

बादलीत पाणी घेऊन मुळं हलकेच खळबळा. नळाची धार मारू नका, बारीक मुळं तुटतात आणि मग ती कुजून गेली की धारेने गेली ते कळत नाही. माझ्या झाडाला केसासारखी मुळं जवळपास उरलीच नव्हती. जाड मुळांवर तपकिरी-काळे लांबट चट्टे होते, उदबत्तीने डागल्यासारखे. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत आली आणि आत पांढरट दोरा राहिला. मातीलगतचं खोड सुरकुतलेलं होतं, त्याचीही साल नखाने निघत होती. वरच्या फांद्यांवर मात्र त्या दिवशीही तीन कणसांना, म्हणजे फुलांच्या तुऱ्यांना, फुलं होती. ते पाहून पोटात कालवलं, कारण वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की याला फक्त पाणी हवंय.

हे दोघांचं काम असतं. पहिले सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत. अबोलीला विशेषतः प्रॅटिलेंकस या गटातले सूत्रकृमी त्रास देतात. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, डोळ्याला दिसत नाहीत. ते मुळात शिरतात, खातात, बाहेर पडतात, पुन्हा दुसरीकडे शिरतात, आणि प्रत्येक ठिकाणी जखम ठेवून जातात. ते काळे चट्टे म्हणजे याच जखमा. त्यातून फ्युजेरियम सोलनी नावाची मातीतली बुरशी आत जाते आणि साल कुजवते. पाऊसभर हे खाली चालू असतं. हवेत दमटपणा असेपर्यंत उरलेल्या मुळांवर झाडाचं कसंबसं भागतं. पाऊस उघडला, भाद्रपदाचं ऊन पडलं, पानांची पाण्याची मागणी वाढली की ती पुरवायला मुळंच नसतात. म्हणून झाड नवरात्राच्या आसपास कोसळतं. आजार तेव्हाचा नसतो, जुलैपासूनचा असतो.

मुळांवर गाठी दिसल्या तर ते दुसऱ्या जातीचे, गाठी करणारे सूत्रकृमी. घेवड्या-चवळीच्या मुळांवर चांगल्या, नत्र धरणाऱ्या गाठी असतात, त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सुट्या होतात. अबोली शेंगवर्गातली नव्हे, ती अडुळसा, कोरांटी आणि कारवीच्या कुळातली, त्यामुळे तिच्या मुळावरची गाठ कधीच चांगली नसते. मूळच फुगून झालेली ती गाठ सुटी होत नाही.

मुळं काळी, लिबलिबीत आणि वास मारणारी असतील, पण साल मोज्यासारखी सुटत नसेल, आणि वाफ्याच्या सखल कोपऱ्यातलीच झाडं गेली असतील, तर पाणी साचलंय. तिथे आधी निचरा सुधारा, वाफा सहा इंच उंच करा. अर्थात साचलेलं पाणी मर रोगालाही खतपाणीच घालतं, त्यामुळे निचरा कुणीच टाळू नये.

मी काय चुकत होते

दुसऱ्या वर्षी कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पूड आणून मी आळ्यात ओतली होती. झाड पंधरा दिवस जास्त जगलं असेल. बुरशीनाशक सूत्रकृमींना काही करत नाही, आणि कुजलेलं मूळ परत येत नाही. झाड मान टाकल्यावर औषध ओतणं म्हणजे उशीरच झालेला असतो.

खरी चूक जागेची होती. फ्युजेरियमचे जाड कवचाचे बीजाणू यजमान झाड नसतानाही मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मी दर जूनमध्ये उपाशी बसलेल्या सूत्रकृमींच्या पुढ्यात ताजं रोप नेऊन ठेवत होते. शिवाय कुडाळहून रोप आणताना सोबत तिथली मूठ-दोन मूठ माती आणायचे, रोपाला ओळखीची माती मिळावी म्हणून. सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात फार तर एखादा मीटर सरकतात. लांबचा प्रवास ते मुळांच्या गोळ्यातून, खुरप्याला चिकटलेल्या चिखलातून आणि वाहत्या पाण्यातून करतात. नर्सरीतल्या पिशवीतली मातीही याला अपवाद नाही. रोप घेताना पिशवी जरा सोडून मुळं पाहू द्या म्हणा, विकणारा कुरकुरला तरी. पांढरी, भरगच्च मुळं असतील तरच घ्या.

मग मला प्रश्न पडला, की आईच्या परड्यात अबोली चाळीस वर्षं कशी टिकली? तिने कधी औषध घातलं नाही, कधी माती बदलली नाही. फोनवर विचारलं तर म्हणाली, "अगो, ती एका जाग्यार रवता खंय! बी उडता थंय ती जाता."

डोळ्यांसमोर परडं आणलं तर अगदी खरं होतं. माझ्या लहानपणी अबोली विहिरीच्या कठड्याशी होती. पुढे ती तुळशीमागे आली, मग माडाच्या आळ्याच्या कडेला, मग गोठ्याच्या भिंतीला. जुनं झाड तीन-चार वर्षांनी मरायचं आणि कुणी लक्षही द्यायचं नाही, कारण तोवर आठ-दहा फुटांवर नवीन उगवलेली असायची. अबोलीचं सुकलेलं बोंड ओल लागली की फुटतं आणि आतल्या चार बिया लांब फेकतं. पहिल्या पावसात पडवीत बसलं की वाळलेल्या कणसांमधून टच्, टच् असा आवाज यायचा, कधी बी येऊन पायाला लागायची. आम्ही मुलं सुकलेली बोंडं वाटीतल्या पाण्यात टाकून ती फुटायची वाट बघत बसायचो. त्या खेळात झाडाचं सगळं शहाणपण होतं हे आता समजतंय. अबोली स्वतःच्या मुळांखाली साठलेल्या रोगापासून दूर जात राहते. आपण तिला सिमेंटच्या कडांनी बांधलेल्या वाफ्यात एकाच जागी उभी करतो आणि दरवर्षी तीच कणसं बी धरायच्या आत कापून टाकतो.

वाफा कसा सुधारला

पहिली गोष्ट, त्या वाफ्यात किमान एक वर्ष अबोली नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण यातून पळवाट मला सापडलेली नाही. कोरांटीही लावू नका, ती अबोलीच्याच कुळातली आहे. त्या वर्षापुरती अबोली कुंडीत ठेवा, त्याचं पुढे लिहिते.

मेलेली झाडं मुळांसकट काढा, भोवतालची फूटभर माती उचलून कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, घरच्या खड्ड्याला तेवढी उष्णता येत नाही. खुरपं धुऊन उन्हात वाळवा.

मग एप्रिलची वाट पाहा. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन हे फुकटचं आणि उत्तम औषध आहे. वाफा फूटभर खणून ढेकळं फोडा, भरपूर पाणी द्या, वाफसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी जिरून माती नुसती ओलसर राहिली, की वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरा. काळा नको, पारदर्शकच, कारण ऊन आत शिरून माती तापायला हवी. कागद मातीला टेकलेला असावा आणि चारही कडा मातीत पुरलेल्या असाव्यात, एखादी फट राहिली तरी वाफ निघून जाते. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. माती ओली असणं फार महत्त्वाचं आहे. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही आणि कोरडे बीजाणू लवकर मरतही नाहीत. याचा परिणाम वरच्या सहा-आठ इंचांत चांगला होतो, म्हणून नंतर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालची रोगट माती वर येईल. माझ्या वाफ्यावर दुपारनंतर घराची सावली येते, म्हणून मी कागद पुरे सहा आठवडे ठेवला. सावलीतल्या वाफ्याला हा उपाय लागू पडत नाही, तिथे माती बदलणं किंवा सरळ जागा बदलणं बरं.

जूनमध्ये तिथे मखमल लावली, म्हणजे बारक्या फुलांचा झेंडू, दाट, अर्ध्या-अर्ध्या फुटावर. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्यं असतात, आणि प्रॅटिलेंकसवर मखमल विशेष चालते. इथे एक गैरसमज आहे. अबोलीच्या शेजारी झेंडूची दोन रोपं लावून काही होत नाही. सूत्रकृमी झेंडूच्या मुळात शिरले तरच त्याचा उपयोग, त्यामुळे त्या जागेवर तीन-चार महिने फक्त झेंडू हवा. दसऱ्याला तोरणं झाली, दिवाळीची फुलं मिळाली, मग झाडं जमिनीलगत कापली आणि मुळं मातीतच कुजू दिली.

फेब्रुवारीत वाफ्यात निंबोळी पेंड मिसळली, चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम. त्याच सुमारास ५ किलो चांगल्या मुरलेल्या शेणखतात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) कालवून, पोत्याखाली सावलीत, ओलसर ठेवून दिलं. दोन आठवड्यांत त्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरली, ती चांगलीच. ते खत वाफ्यात पसरलं. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, म्हणून तिच्यानंतर रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर दोन्हीचे पैसे वाया जातात. सूत्रकृमींसाठी बाजारात दाणेदार विषारी औषधं मिळायची, अजूनही कुणी सुचवतं. केसांत माळायच्या आणि देवाला वाहायच्या फुलाला घराच्या दारात असलं काही घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांच्याकडे मोठी लागवड आहे त्यांनी अंदाजावर जाऊ नये. मुळं आणि मुळांजवळची माती ओलसर ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात दाखवावी. राहुरीच्या विद्यापीठात सूत्रकृमींवर काम होतं. माती वाळवून नेऊ नका, सूत्रकृमींची तपासणी ओल्या मातीतूनच होते.

नवीन रोपं कुठून आणायची

मातीसकट रोप कुणाकडूनच घ्यायचं नाही, अगदी आईकडूनही. दोन वाटा आहेत, बी आणि छाट कलम.

बी धरायचं तर दोन-चार कणसं झाडावर पूर्ण वाळू द्या. तपकिरी झाली की कोरड्या दिवशी काढून कागदी पाकिटात ठेवा, उघड्या वाटीत ठेवलीत तर दमट रात्रीत बिया घरभर होतात. पेरणी ऊब असताना करा, उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. दक्षिणेच्या फुलबाजारात 'दिल्ली' नावाने ओळखली जाणारी गडद केशरी अबोली मात्र त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली) असल्याने बी धरत नाही. तिचं कलमच करावं लागतं.

कलमासाठी शेंड्याकडची चार-पाच इंचाची फांदी घ्या, जमिनीपासून जितकी वरची तितकी चांगली, कारण रोग मुळात आणि बुडख्यात असतो. खालची पानं काढा, कणीस असेल तर तेही खुडा, आणि स्वच्छ वाळू किंवा कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. जून-जुलैत महिन्याभरात मुळं धरतात. मी कुडाळहून आता ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या आणते. माती आणत नाही, आणि याचं अजूनही जरा वाईट वाटतं.

कुंडी दहा-बारा इंचाची पुरते. लाल माती दोन भाग, शेणखत एक, जाडी वाळू एक, आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडी जमिनीवर टेकवू नका, विटांवर ठेवा, नाहीतर तळाच्या भोकातून मुळं वाफ्यात उतरतात आणि रोग तिथून वर येतो. सकाळचं ऊन, दुपारची विरळ सावली तिला मानवते. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको, आणि श्रावणात तर नकोच.

वाफ्यातल्या नव्या झाडांना आता दोन पावसाळे झाले. पाच लावली होती, चार आहेत. पाचवं गेलं तेव्हा उपटून पाहिलं, मुळं पांढरी होती, बुंध्याशी घुशीने उकरलं होतं. या वर्षी मी प्रत्येक झाडावर दोन कणसं मुद्दाम वाळू दिली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या जोरदार सरीनंतर, रात्री खिडकीखाली तो ओळखीचा टच् आवाज आला. परवा पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात, फरशीच्या फटीत, चार-चार पानांची तीन रोपं दिसली. वाफ्यापासून तिथवर सात-आठ फूट असतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, फरशी उचलेल, काढून टाक. त्यांना एक रोप कुंडीत लावून देईन म्हटलंय, पण ते छाट कलमाचं. टाकीजवळची मी हलवलेली नाहीत.